अंदमानचा प्लॅन उलटा करायचा: सुरुवात परतीच्या विमानापासून

पनवेलहून मी बोलतेय. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू आहेत, मध्येच लोकलची अनाउन्समेंट ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना हेडफोन सापडत नाहीयेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितला होता. पहिला पगार, पहिला बोनस, आणि डोक्यात एकच रील: निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. म्हणजे अंदमान. "ताई, पाच दिवसांत होईल का? किती पैसे लागतील? कुठल्या महिन्यात जाऊ?" हे प्रश्न. उत्तरं देणारच आहे, पण आधी माझी फजिती ऐका. कारण मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्या फजितीतूनच आलंय.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन अंदमानला गेले. आईचा पहिला विमानप्रवास. आईचं माहेर शिरढोणच्या बाजूचं. तेच शिरढोण, आपल्या पनवेलपासून गोवा हायवेवरचं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. फडक्यांना इंग्रजांनी अंदमानला नाही, एडनला पाठवलं आणि 1883 मध्ये ते तिथेच गेले. पण गावातल्या पोरांना लहानपणापासून "काळं पाणी" हा शब्द ओळखीचा. आईने शाळेत असताना सावरकरांचं "माझी जन्मठेप" वाचलेलं. तिला बीचशी काही घेणं-देणं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "अगं, मला ती कोठडी बघायचीय. बाकी तू नेशील तिकडे येते."

मी काय केलं? पाच दिवसांचा प्लॅन. विमानातून उतरलो की एक रात्र "वाया" जाऊ नये म्हणून थेट दुपारच्या बोटीने हॅवलॉक. मग नील. चौथ्या दिवशी सकाळी नीलहून पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम आणि पाचव्या दिवशी दुपारी घरी. एक्सेल शीटमध्ये फार सुंदर दिसत होतं.

चौथ्या दिवशी पहाटेपासून वारा. जेट्टीवर गेलो तर फळ्यावर खडूने लिहिलेलं: आज सगळ्या बोटी रद्द. चूक कोणाचीच नव्हती. समुद्र खवळला होता, बोट सोडली नाही ते बरंच केलं. पण आम्ही अडकलो. पाचव्या दिवशी सकाळची पहिली बोट सुटली. ती बंदरात शिरताना आई खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "तेच ना ते?" समोर टेकाडावर सेल्युलर जेल. धक्क्यावरून आम्ही तडक विमानतळावर पळालो. विमान मिळालं. जेल राहिलं. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघी पुन्हा जातोय. या वेळी प्लॅन मी शेवटाकडून सुरुवातीकडे आखला. तसा का आखायचा, तेच आज सांगते.

बेट म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

आपण पनवेलकर जंक्शनची माणसं. एक लोकल चुकली तर दुसरी आहे. एसटी नाही तर शेअर टॅक्सी, ती नाही तर हायवेला हात दाखवायचा. "काहीतरी मिळेलच" ही सवय आपल्या अंगात भिनलेली असते.

बेटावर हे चालत नाही. तिथे येण्या-जाण्याची वाट एकच, आणि ती वाट उघडी आहे की बंद हे वारा ठरवतो. आपल्याकडेही हे आहे की. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. पण तेव्हा आपण पेणमार्गे गाडीने अलिबागला जातो. हॅवलॉकला पेणमार्गे जाता येत नाही.

अंदमान-निकोबारमध्ये लहान-मोठी बेटं आणि खडक मिळून आठशेच्या वर आहेत. माणसांची वस्ती असलेली जेमतेम तीस. विमान उतरतं ते पोर्ट ब्लेअरला. तिथून पुढे प्रत्येक बेट म्हणजे एक बोट. म्हणून प्लॅन करताना प्रत्येक मुक्कामाला एकच प्रश्न विचारायचा: इथून उद्या बोट सुटली नाही, तर माझं काय बिघडेल? "काही नाही, एक दिवस आणखी पोहेन" असं उत्तर आलं तर प्लॅन बरोबर. "विमान चुकेल" असं आलं तर प्लॅन चूक.

नावांचा घोळ

तिकीट काढायच्या आधी हे लिहून घ्या, नाहीतर ॲपवर गोंधळ होतो. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तीन नावं डिसेंबर 2018 मध्ये बदलली. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, त्या घटनेला 75 वर्षं झाली तेव्हा. हॉटेलवाले, रिक्षावाले, ॲप, सगळीकडे जुनी-नवी नावं मिसळून चालतात. एकाच बेटाची दोन नावं बघून दोन ठिकाणी बुकिंग करू नका. हसू नका, माझ्या ऑफिसमधल्या एकाने केलंय.

कधी जायचं

दरवर्षी मे महिन्यात आपल्याकडे बातमी येते: मान्सून अंदमानात दाखल. आपण खूश होतो, की आता दोन-तीन आठवड्यांत कोकणात पाऊस. पण त्याच वेळी अंदमानच्या हॉटेलात बसलेल्या माणसाचं काय, हा विचार कोणी करत नाही! मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे पाऊस सुरू होतो. मेअखेरीचं स्वस्त विमान दिसलं की ते स्वस्त का आहे हे आता तुम्हाला कळलं.

दुसरा सापळा दिवाळी. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस जातो, आकाश निळं होतं, आपल्याला वाटतं सगळीकडे असंच असेल. पण बंगालच्या उपसागराचं गणित वेगळं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, अगदी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं तयार होत असतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच खराब हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. बोटी बंद, विमानं बंद. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. पुढे तेच वादळ "वरदा" नावाने चेन्नईला धडकलं. म्हणजे माझ्यावर जे आलं ते काही जगावेगळं नव्हतं.

समुद्र शांत आणि पाणी नितळ हवं असेल तर जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. ख्रिसमस ते न्यू इयर गर्दी आणि भाव दोन्ही चढे. परीक्षा, सुट्टी जमत असेल तर फेब्रुवारी उत्तम. फक्त एक सांगते, "सीझन" म्हणजे हमी नाही. सीझनमध्ये धोका कमी होतो एवढंच. मोकळा दिवस तेव्हाही ठेवायचा.

विमान

डिसेंबर 2025 पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. पनवेल तालुक्यातला विमानतळ म्हटल्यावर पहाटे तीनला अंधेरीकडे टॅक्सी करायची कटकट काही जणांची वाचेल. पण विमानतळ जवळचा म्हणून डोळे झाकून तिकीट काढू नका. मुंबई असो की नवी मुंबई, पोर्ट ब्लेअरला थेट विमान त्या दिवशी आहे का, की चेन्नई, कोलकाता, बंगळुरूला बदलायचंय, हे बघा.

बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं घेतली की दीड-दोन हजार वाचल्यासारखे वाटतात. पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी म्हणेल, "तुम्ही वेळेवर आला नाहीत." दुसरं तिकीट बुडालं. एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची.

जहाजाने जायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तेही आहे. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं जातात. पण अडीच-तीन दिवस ते चार दिवस लागतात एका बाजूला. नोकरी करणाऱ्याची सगळी रजा समुद्रातच संपेल.

आता उलटा प्लॅन

कागद घ्या. मोबाईलवर नको, कागदच घ्या. सगळ्यात खाली लिहा: परतीचं विमान, तारीख, वेळ. त्याच्या वरच्या ओळीत: पोर्ट ब्लेअर, पूर्ण मोकळा दिवस. त्याच्या वर: ज्या बेटावरून परत येणार ती बोट. आता वर वर चढत जा.

आमचा प्लॅन सहा रात्रींचा असा झालाय:

पहिला दिवस: सकाळी पोचायचं, दुपारी सेल्युलर जेल. ज्या गोष्टीसाठी निघालोय ती सगळ्यात आधी.

दुसरा दिवस: सकाळच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी राधानगर बीच.

तिसरा दिवस: हॅवलॉक. माझं स्कूबा, आईचा किनाऱ्यावर आराम.

चौथा दिवस: बोटीने नील.

पाचवा दिवस: नीलहून पोर्ट ब्लेअर.

सहावा दिवस: मोकळा. सगळं सुरळीत झालं तर रॉस बेट. समोरच आहे, छोट्या बोटीने थोडाच वेळ लागतो.

सातवा दिवस: विमान.

"सहावा दिवस म्हणजे एका रात्रीचे पैसे वाया ना?" हा प्रश्न येणार. नाही. तो तुमचा विमा आहे. पाचव्या दिवशी बोट रद्द झाली तर सहाव्या दिवशी येता. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे साधारणपणे परत मिळतात, पण चुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही, आणि ऐन वेळी काढलेलं तिकीट किती महाग पडतं ते तुम्हाला माहितीय. एका रात्रीचं साधं हॉटेल त्यापेक्षा खूपच स्वस्त.

आणि तुमच्याकडे पाचच दिवस असतील तर? मग एक बेट कमी करा. नील सोडा, फक्त हॅवलॉक करा. मोकळा दिवस सोडू नका.

मोकळ्या दिवसाचं आणखी एक कारण आहे. स्कूबा करणार असाल तर डायव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. पाण्याखाली दाबामुळे रक्तात आणि शरीरात नायट्रोजन जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही विमानात, म्हणजे कमी दाबाच्या जागी गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. म्हणून डायव्ह आणि विमान यात निदान 18 तास, शक्यतो 24 तास ठेवा. स्कूबा शेवटच्या दिवशी नको, मधल्या दिवशी करा.

बोटीचं तिकीट

दोन प्रकार. सरकारी बोटी स्वस्त, पण त्यात स्थानिक लोकांचा हक्क आधी, आणि तो असायलाच हवा. त्यांच्यासाठी ती सहल नाही, दवाखान्याची, बाजाराची, कॉलेजची वाट आहे. खासगी कॅटॅमरान महाग, एसी, सीट नंबर असलेल्या. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास, बोटीवर अवलंबून. सीझनमध्ये विमानाचं तिकीट झालं की लगेच बोटीचं काढा, हॉटेल त्यानंतर. बरेच जण आधी हॉटेल पक्कं करतात आणि मग त्या तारखेची बोटच मिळत नाही.

तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र तपासतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा आणि एक प्रिंटसुद्धा घ्या.

बोट लागणाऱ्यांसाठी: मधली, खालच्या डेकवरची सीट बघा. तिथे हेलकावे कमी बसतात. निघायच्या आधी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, आणि बोट सुटायच्या आधी. बोट लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो. आईने गेल्या वेळी आलेपाक नेला होता, बोटीतल्या अर्ध्या लोकांनी मागून खाल्ला.

तिथला सूर्य घाईत असतो

घड्याळ तेच, सूर्य वेगळा. पनवेल साधारण 73 रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. वीस अंश गुणिले चार, म्हणजे 80 मिनिटं. आपल्यापेक्षा तिथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त, फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास.

याचा प्लॅनवर थेट परिणाम होतो. आपल्या सवयीने अकराला आवरून बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेला. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर चारला तिथे पोचायला हवं, कारण ते जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. स्कूटर भाड्याने घेतली असेल तर परतताना रस्ता अंधारा असतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून पहाटे उठा. तसंही पाच-साडेपाचला उजाडलेलं असतं.

भरती-ओहोटी

अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे कळेल. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला बोट लागते. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा एक हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती, आणि तिच्या सहा तास आगेमागे ओहोटी.

हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. अंदमानच्या वेळा वेगळ्या, तो जसाच्या तसा तिथे लावू नका. पण भरती-ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, हे तिथेही खरं. नीलवर समुद्राने कोरलेली दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं. भरतीला गेलात तर नुसतं पाणी बघून परत. मोबाईलवर टाइड टेबल बघा, किंवा सोपं म्हणजे हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारा, "उद्या पाणी कधी उतरतं?" पायात चपला नको, पकड असलेल्या सँडल घाला. प्रवाळ पाय कापतं आणि तुमच्या पायाखाली प्रवाळही मरतं.

जीव सांभाळा, आणि दुसऱ्यांचाही

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. घाबरवत नाहीये, पण 2010 मध्ये राधानगरजवळच्याच एका खाडीसारख्या कोपऱ्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने जीव घेतला. किनाऱ्यावर बोर्ड असेल, जाळी लावलेली असेल, तर त्या जाळीच्या आतच पोहा. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या बाजूला, अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. जीवरक्षक शिटी मारतो तेव्हा तो तुमची मजा घालवत नसतो.

लाइफ जॅकेटचा तर वादच नको. मे 2022 मध्ये आपल्याच तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. किनारा जवळ दिसतोय म्हणून जॅकेट काढायचं नाही.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरू नका. मेलेलं प्रवाळ असलं तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

आणि जारवा लोकांबद्दल. बाराटांगला जाणारा रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. आदिवासींच्या संरक्षणासाठी 1956 पासूनचा कायदा आहे. कोणी तुम्हाला "जारवा दिसतील" म्हणून सहल विकत असेल तर सरळ नाही म्हणा. ती माणसं आहेत, आपल्या रीलसाठी उभी नाहीत. निकोबार बेटं आपल्यासारख्या पर्यटकांसाठी खुली नाहीत, त्यामुळे तो विचार सोडा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलला भारतीय माणसाला वेगळा परवाना लागत नाही.

मोबाईल आणि पैसे

ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे 2,300 किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल टाकून झाली, तेव्हापासून तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलंय. पण बेटावर नेटवर्क जातं-येतं. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा. यूपीआय चालतं, पण नेटवर्क नसेल तेव्हा काय? एटीएम मोजकीच. रोख पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. भाषेची काळजी नको, हिंदी सगळीकडे चालते.

सेल्युलर जेलला घाई नको

शेवटचं, पण आमच्यासाठी पहिलं. 1896 ला बांधकाम सुरू झालं, 1906 ला संपलं. मध्ये मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या. आज तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ यायची, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंडही दिसू नये. एक कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटरच्या आत रुंद, आणि खिडकी म्हणजे हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक झरोका. सावरकरांना 4 जुलै 1911 ला इथे आणलं. त्यांचे मोठे भाऊ बाबाराव त्याआधीपासून इथेच होते. बंगाल आणि पंजाबचे कितीतरी क्रांतिकारक इथे होते, त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत, तीही वाचा. 1979 पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिने चढावे लागतात. घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर गुडघ्यांचा विचार करून वेळ ठेवा, निदान दोन-अडीच तास. सुट्टीच्या दिवसाची चौकशी आधी करा. आणि दुपारी लवकर जा, कारण सूर्य घाईत असतो, सांगितलं ना.

परवा आईला नवा कागद दाखवला. तिने वरची पहिली ओळ वाचली, मग सगळ्यात खालची, आणि विचारलं, "हा मोकळा दिवस कशाला ठेवलास? काय करायचं त्या दिवशी?"

म्हटलं, "काहीच नाही. समुद्राला हवा असेल तर त्याचा, नाहीतर आपला."

ती म्हणाली, "मग तेव्हा पुन्हा एकदा जेलला जाऊ."

तर मंडळी, तुमचा कागद काढा, खालून लिहायला लागा. तारखा, बोटी, घरच्यांना समजावणं, कुठे अडलं तर विचारा, पुढच्या भागात घेते. भेटू. काळजी घ्या.